पाटलांच्या बागेचा नंबर

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी मोठा धीट होतो. लहानपणी मी बैलाला भ्यायचो, अंधाराला भ्यायचो, गुरुजींच्या नुसत्या खोकल्यालाही भ्यायचो. मोठेपणी नागपूरला जाऊन संख्याशास्त्र शिकलो तेही काही अंशी या भीतीपायीच. आकडे अंगावर धावून येत नाहीत, असा माझा समज होता. अमरावतीच्या पहिल्याच नोकरीत तो समज पार धुऊन निघाला.

साठ सालानंतरची गोष्ट. संत्रा बागाईतदारांच्या एका सहकारी संस्थेत मी सांख्यिकी सहायक म्हणून लागलो. मोर्शीच्या पुढच्या गावांतल्या बागा तोडायच्या, पेट्यांत गवत अंथरून फळ भरायचं, ट्रकनं बडनेरा स्टेशनावर आणायचं आणि वॅगनमध्ये चढवून कलकत्त्याला, दिल्लीला रवाना करायचं, हे संस्थेचं काम. सांगायला सोपं. पण मृगाच्या बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडे एकदम तयार होतं. तोडणारी माणसं तेवढीच, ट्रक तेवढेच, आणि रेल्वेकडे वॅगन मागितली की मिळेलच याची खात्री नाही. मग पेट्या फलाटावर पडून राहायच्या. त्या दिवसांत बडनेऱ्याला उतरलं की आधी आंबूस वास यायचा आणि मग स्टेशन दिसायचं. त्या वासात कुणाचं वर्ष नासत पडलं आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत असे, आणि तरी दर वर्षी तेच व्हायचं.

याचं एक कारण रेल्वे होती. दुसरं कारण गावं होती, आणि ते कुणी बोलून दाखवत नसे. बागा कोणत्या क्रमानं तोडायच्या हे फळ पाहून ठरतच नव्हतं. आमच्या गावात पाटलांच्या बागेत पहिली टोपली भरल्याशिवाय दुसऱ्या कुणी झाडाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. पाटलांच्या मागे त्यांचे भाऊबंद, त्यांच्या मागे बरी शेती असलेले, आणि माळावरच्या मुरमाड जमिनीत एकर-दोन एकर बाग लावून बसलेले अगदी शेवटी. गंमत अशी की त्या मुरमाड जमिनीतलं फळ सगळ्यांत आधी पिकतं. पाळी येईपर्यंत त्याची साल सुटायची, आत हवा भरायची आणि फोडी कोरड्या पडायच्या. हातात घेतलं तर मोठं दिसे, पण वजनच नसे.

मी त्याच गावचा. आणि माझा बा त्याच पाटलांच्या बागेत राखणदार होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वस्तीतलं घर बंद ठेवून बा बागेतल्या कुडाच्या खोपडीत राहायचा, माकडं हाकलायचा, चोरांवर नजर ठेवायचा. मला शिकवलं ते त्यानं या राखणीवर. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हाही परतल्यावर तो त्याच खोपडीत राहायला गेला, कारण दुसरीकडे जाणार कुठे? पाटलांनी काही म्हटलं नाही, बानंही काही म्हटलं नाही. त्या दोघांचं असं न बोलता चाललं होतं.

आमच्या चेअरमनना नासाडीचा वीट आला होता. अकोल्याला एक प्राध्यापक आहेत, परदेशात शिकून आले आहेत, त्यांना भेटा, असं त्यांनी मला सांगितलं. प्राध्यापक जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, बाजाराच्या गल्लीत वरच्या मजल्यावर राहत. खाली दिवसभर हातगाड्यांचा आणि भावताव करणाऱ्यांचा कालवा चाले, आणि वर ते जमिनीवर मोठे कागद पसरून बसलेले असत. त्यांच्या शास्त्राचं नाव ऑपरेशनल रिसर्च. लढाईत जहाजं आणि दारूगोळा कुठून कुठे न्यायचा याची गणितं मांडता मांडता ते वाढलं, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. लढाई हा शब्द ऐकून मी जरा मागे सरकून बसलो.

रीत मात्र मला आवडली. कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक बागा लिहायच्या. वरच्या बाजूला तोडणीचे आठवडे. प्रत्येक चौकटीत एक आकडा: ही बाग त्या आठवड्यात तोडली तर किती फळ वाया जाईल. खाली त्या त्या आठवड्यात किती ट्रक, किती वॅगन मिळतील त्याचा अंदाज. मग माल एका चौकटीतून उचलून दुसरीत टाकायचा, एकूण नासाडी कमी झाली तर ठेवायचा, वाढली तर परत न्यायचा. एक बाग पुढे आणली की दुसरी मागे सरकते, आणि ते मागे सरकणं कुणाला किती महाग पडतं तेच मोजायचं. आम्ही कितीतरी रविवार खाडाखोड केली. रबराचा चुरा झाडून झाडून त्यांची सतरंजी खरखरीत झाली.

शेवटी उत्तर आलं तेव्हा मी शेवटच्या आठवड्याच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"ही बाग शेवटी?" मी विचारलं.

"अर्थात," प्राध्यापक म्हणाले. "काळी जमीन, विहिरीला भरपूर पाणी. फळ उशिरा रंगावर येतं आणि झाडावर टणक राहतं. शिवाय रस्त्याला लागून आहे. केव्हाही तोडा, ट्रक बांधावर उभा. अशी बाग मागे ठेवायची नाही तर कुठली ठेवायची?"

"पण सर, ती पाटलांची आहे."

"मग?"

मी त्यांना रीत सांगितली. मला वाटलं, ते हसतील. हसले नाहीत. पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "म्हणजे ही एक अट झाली. अट घालता येते. पाटील पहिले, असं धरून पुन्हा सोडवू या."

सोडवलं. पाटील पहिले धरले की सगळा कागद हलला, आणि नुकसान जाऊन बसलं ते थेट माळावरच्या लहान बागांवर. एक एक करून त्यांच्या चौकटी मागे गेल्या. मी त्या माणसांना ओळखत होतो. त्यांच्या बायकांनी घागरीनं पाणी घालून ती झाडं जगवली होती. पाटलांच्या मानाची किंमत दर वर्षी कोण भरतं ते माझ्यासमोर स्वच्छ मांडलेलं होतं.

"आता न्या यातलं एक," प्राध्यापक म्हणाले. "गणित म्हणून दोन्ही बरोबर आहेत. कुठलं न्यायचं ते तुम्ही ठरवा. मी त्या गावचा नाही."

मी पहिलं उत्तर घेऊन निघालो, ज्यात पाटील शेवटी होते. का घेतलं? राग आला होता म्हणून. भित्र्या माणसाचा राग फार टिकत नाही. माझा गाडीत मूर्तिजापूरपर्यंत टिकला. बडनेऱ्याला उतरलो तोवर तो ओसरला होता, उरली होती फक्त भीती, आणि कागद हातात तसाच होता.

मनात एक आशा होती की चेअरमनच हे फेटाळतील. मी हुश्श करीन आणि माझी मान वाचेल. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, बराच वेळ हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "चला, एक साल करूनच पाहू. नाहीतरी सडूनच राहिलं आहे." मग मला खुर्चीत बसवून म्हणाले, "पण खाली सही तुमची घाला. गणित तुमचं." त्यांची हुशारी मला तेव्हाच कळली. सहीत आडनाव येतं, आणि माझं आडनाव वाचून गावात कुणालाही मी कोण, कुठल्या वस्तीतला, हे विचारावं लागत नव्हतं. मी सही केली. ती जरा वाकडी आली.

बैठकीत तोडणीचे नंबर मीच वाचून दाखवले. संस्थेचा हॉल म्हणजे गोदामाचाच एक कोपरा होता. रिकाम्या पेट्यांवर माणसं बसलेली. पाटील पुढे, एकटेच खुर्चीवर, स्वच्छ धोतर, काठी गुडघ्यांत धरलेली. मी एकेक बाग वाचत गेलो. माळावरच्यांची नावं आधी आली तसे ते एकमेकांकडे पाहू लागले, पण कुणी हसलं नाही. आनंद झाला असला तरी तो दाखवायचा धीर कुणाला होणार? शेवटचं नाव वाचून मी कागद खाली ठेवला.

"साहेब," पाटील म्हणाले. मला ते आजवर कधी साहेब म्हणाले नव्हते. "ही सही तुमचीच ना?"

"हो."

"तुमचा बाप आमच्याच बागेत हाये ना?"

"हो."

"बरं हाये," ते म्हणाले, आणि उठून गेले.

एवढंच. ओरडले नाहीत, वाद घातला नाही, बाग संस्थेला देणार नाही असंही म्हणाले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या 'बरं हाये'चा अर्थ लावत मी पुढचे कितीतरी दिवस काढले. नोकरीतून काढतील मला? काढू देत. पण बा तिथे होता, त्यांच्या बागेत, त्यांच्या खोपडीत, गावाबाहेर, एकटा. माझ्या सहीचं उत्तर द्यायला त्यांना अमरावतीपर्यंत यायची गरजच नव्हती.

मी गावी जायला हवं होतं. गेलो नाही. तोडणी सुरू झाली होती, ट्रक लावायचे, वॅगनसाठी स्टेशनावर खेटे घालायचे, हे कारण खरं होतं आणि सोयीचंही. खरं सांगायचं तर बाच्या तोंडाकडे पाहायची मला भीती वाटत होती. बाला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिकडून काही कळणार नव्हतं. गावाकडून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला मी गाठायचो. तो म्हातारा मुसलमान माणूस, सगळ्यांना भाई म्हणायचा. "बा दिसला का?" मी विचारायचो. "दिसले भाई, झाडाखाली बसले होते," तो म्हणायचा, आणि मग मला एक जेवण गोड लागायचं.

नंबर चालू लागले होते. माळावरचा माल आधी आला, टणक आणि जड, आणि फलाटावर न थांबता वॅगनमध्ये चढला. बडनेऱ्याच्या फलाटावर त्या वर्षी तो आंबूस वास नव्हता. चेअरमन खूश होते. अकोल्याहून प्राध्यापकांनी कळवलं की आता पुढच्या वर्षी दिल्ली आणि कलकत्ता असा वेगळा हिशेब मांडू. मला त्यातलं काही धड ऐकू येत नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष आभाळाकडे होतं.

आमच्या वऱ्हाडात या दिवसांत गारा पडतात. दर वर्षी पडतात असं नाही, पण पडल्या तर घटकाभरात उभी बाग झोडपून काढतात. त्या कागदावर आम्ही जमीन मांडली, पाणी मांडलं, रस्ता मांडला, वॅगनसुद्धा मांडल्या. गारा कुठे मांडणार? त्या कधी पडतील याचा आकडा कुणाकडे होता? "ती जोखीम सगळ्या बागांना सारखीच," प्राध्यापक म्हणाले होते. सारखी कशी? ज्याची बाग सगळ्यांत शेवटी झाडावर, त्याची जोखीम सगळ्यांत जास्त, हे शाळेतलं पोरही सांगेल. मला ते तेव्हाच सुचलं होतं आणि मी गप्प बसलो होतो असं नाही. सुचलंच उशिरा, अमरावतीत खोलीवर एका दुपारी पश्चिमेला काळं दिसलं तेव्हा. त्या दिवशी ढग तसेच निघून गेले. पण पुढे रोज मी दर तासाला ऑफिसच्या दारात जाऊन वर पाहायचो. लोक विचारायचे, काय हो, कुणाची वाट पाहताय?

गारा पडल्या आणि पाटलांची बाग गेली, तर ते काय करतील? आधी मान गेला, मग मालही गेला, आणि दोन्हींखाली माझी सही. आणि त्यांच्या हाताशी माझा बा. हे मी इतक्या वेळा मनात घोळवलं की झोपेतही मला पत्र्यावर गारांचा आवाज ऐकू यायचा.

मग एका सकाळी ड्रायव्हर म्हणाला, "भाई, तुमच्या वालिदची झोपडी बंद दिसते. मागच्या फेरीतही बंदच होती. मी म्हटलं कुठे गेले असतील, म्हणून बोललो नाही."

मी चेअरमनना न विचारताच निघालो. मोर्शीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो आणि चुकलं, कारण खिडकीतून आभाळ दिसत होतं. ते निळसर काळं होत चाललं होतं. बा कुठे गेला असेल? तो खोपडी सोडून एक रात्र राहत नसे. दीक्षेला गेला तेव्हाही माझ्या मामाला राखणीला बसवून गेला होता. मी एकेक शक्यता मोजायला लागलो, आणि मोजण्याचं शिक्षण घेतल्याचा मला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. हाकलला असेल. मारलं असेल. मारून टाकलं असेल. हा शेवटचा विचार आला तेव्हाच बसच्या टपावर पहिली गार पडली.

मग धडाधडा पडायला लागल्या. ड्रायव्हरनं बस कडुलिंबाखाली घेतली. बायका पोरांना पदराखाली घेऊन बसल्या. कुणीतरी म्हणालं, "गेलं हो, सारं गेलं." शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "तुही बाग हाये का रे बापा?" मी नाही म्हणालो. "मंग काहून रडतं?" तो म्हणाला. आपण रडतोय हे मला तेव्हा कळलं.

गारा थांबल्या तसा मी पुढे गेलो. फाट्यावर उतरून पळतच बागेशी पोचलो. वाफ्यांत गारा पांढऱ्या साचल्या होत्या, पायाखाली चुरचुरत होत्या. झाडांखाली थोडं फळ पडलं होतं, पण वर अजून बाग लगडलेली होती. ते पाहूनही मला हायसं वाटलं नाही. खोपडीच्या दाराला बाहेरून तार गुंडाळली होती. मी ती सोडवली. आत बाचं अंथरूण नव्हतं, गाडगं नव्हतं, कंदील नव्हता. चूल थंड आणि कोरडी, राखही जुनी.

"बा!" मी हाक मारली. "ए बा!"

कुणी ओ दिली नाही. मी विहिरीकडे गेलो. का गेलो ते सांगायला नको. काठावर पालथा पडून मी आत वाकून पाहिलं. पाण्यावर पानं तरंगत होती आणि माझं डोकं दिसत होतं. मी तसाच पाहत राहिलो, पानांखाली काही हलतंय का ते.

"काय पाहून राहिला रे विहिरीत?"

पाटील मागे उभे होते, छत्री आणि काठी दोन्ही हातांत. बाग पाहायला आले असणार. मी उठून उभा राहिलो.

"बा कुठी हाये?" मी विचारलं. शहरातली भाषा तोंडातून कधी गळून पडली ते मला कळलं नाही.

"तुहा बाप? घरी असंन. मले काय पुसतं?"

"तुमी काढलं त्याले?"

"मी कायले काढू?" ते म्हणाले. "तोच येत नाई. दोनदा मानूस धाडला. येत नाई म्हन्ते." मग त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "तू वाचून दाखवलं ना ते नंबर, त्याच्यावर गाव बोलूनच राहिलं, तं मांगच्या हप्त्यात सकाळी आलता माह्या घरी. अंगनात मानसं बसली होती. सरळ आला अन् माह्या पाया पडला. पोट्टं लहान हाये पाटील, त्याले समजत नाई, त्याच्या नोकरीले हात नोका लावू म्हने. दीक्षा घेतली तवापासून हा मानूस कोनापुढं वाकला नोयता. रामरामही उभ्यानंच करे. मलेच कसंतरी वाटलं. म्हनलं, उठ बापा, मी काई करून नाई राहिलो. उठला अन् गेला. मंग कामावर आलाच नाई."

पाटील काही करणार होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, पण तो त्यांच्या चेहऱ्यावर बैठकीतही दिसला नव्हता.

"बाग वाचली," ते वर पाहत म्हणाले. "चार फळं गेली. ट्रक लौकर पाठव आता."

वस्तीतल्या घराचं दार उघडं होतं. बा ओट्यावर बसून तुरीच्या काड्यांची टोपली विणत होता. त्याचे हात, पाय, डोकं, सगळं मी नीट पाहून घेतलं. कुठे काही लागलेलं नव्हतं. दाढी वाढली होती तेवढीच.

"पान्यात काहून आला?" तो म्हणाला. "जेवला का?"

"बा, तू त्याच्या पाया काहून पडला?"

त्यानं टोपली खाली ठेवली नाही, पण हात थांबले.

"भेव वाटलं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. रानात एकट्यानं वर्षानुवर्षं राहिलेला, साप काठीनं उचलून बाजूला ठेवणारा माझा बा. घरात भित्रा एकच होता आणि तो मी, असं मी धरून चाललो होतो.

"सारं गाव बोलून राहिलं होतं, तुह्या पोरानं पाटलाले शेवटी टाकलं मनून," तो म्हणाला. "त्याची ओळख किती वरपर्यंत हाये, तुले मालूम नाई. तुही नोकरी गेली असती. एवढं शिकून तू माह्यासारखा खोपडीत आला असता. रात भर बसलो अन् सकाळी गेलो."

"अन् मंग काम काहून सोडलं? त्यानं तं काढलं नाई."

"जिथं वाकलो तिथंच रोज उभं राहून त्याची बाग राखू?" बा म्हणाला. "नाई जमत मले. टोपल्या इनतो. चालते."

मला त्याचे पाय धरावेसे वाटले, आणि आज या घरात पाय धरण्याइतकं वाईट काही नाही हेही कळत होतं. मी त्याच्याजवळ ओट्यावर बसलो. आणि मग जे बोललो ते निव्वळ भीतीनं बोललो.

"पुढच्या साली मी नंबर बदलतो, बा. त्याचा पहिला लावतो. आपल्याले वाद नको."

बानं टोपली बाजूला ठेवली. माझ्यावर त्यानं लहानपणीही कधी हात उगारला नव्हता. त्या क्षणी उगारतो की काय असं मला वाटलं.

"खबरदार," तो म्हणाला. "शेवटीच राहू दे त्याचा नंबर. नाईतं माहं वाकनं फुकट जाईन."

मी हो म्हणालो. काय करणार होतो दुसरं? त्या दिवशी मी त्याच्याच ताटात जेवलो आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला परतलो. पाटलांची बाग मग नंबराप्रमाणे शेवटी तोडली गेली. माल चांगला गेला.

पुढच्या वर्षी बहाराच्या आधी मी पुन्हा अकोल्याला गेलो. प्राध्यापकांनी नवा कागद पसरला. बागांचे नवे आकडे आले होते, आणि त्या साली पाण्याचं तंत्र निराळं होतं. काळ्या जमिनीतलं फळ या वेळी लवकर रंगावर येतंय असं मी गावाकडून ऐकून होतो. आम्ही चौकटी भरल्या. माल इकडून तिकडे हलवायला लागलो. पाटलांची बाग शेवटच्या आठवड्यातून एक चौकट पुढे आली, मग आणखी एक.

"चला, थांबलात का?" प्राध्यापक म्हणाले. "अजून कमी होतेय नासाडी. हलवा पुढे."

रबर माझ्या हातात होतं. ती बाग खरोखरच पहिली निघाली तर गावी जाऊन बाला काय सांगायचं, या भीतीनं माझा हात पुढच्या चौकटीवर जात नव्हता.